डिस्कशन रूम, तासाला १२० रुपये: आमच्या प्रोजेक्ट ग्रुपचा अनुभव

पाचपैकी साडेतीन स्टार. एक आवाजाचा कापला, अर्धा मार्करचा. लांब लिहून राहिलो, कंटाळा आला तर खाली जाऊन रेट आणि टायमिंग पाहून घ्या.

अभ्यासिकेचं नाव टाकत नाही. तक्रारीही आहेत, आणि ती चालवणारे काका-काकू दोघंही साधी माणसं आहेत, उगाच कोणी जाऊन त्यांना बोलायला नको. एवढंच सांगतो की नागपूरच्या शंकरनगर मेट्रो स्टेशनवरून पायी सात-आठ मिनिटं, आणि तिकडे अशा अभ्यासिका भरपूर आहेत. खाली एमपीएससीवाल्यांचा हॉल, प्रत्येकाचं प्लायचं खोपटं, आणि वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची एक खोली, तिला डिस्कशन रूम म्हणतात. सहा खुर्च्या, टेबल, व्हाइटबोर्ड, कूलर. बाहेरच्या बोर्डावर एसी लिहिलं आहे ते खालच्या हॉलसाठी, आम्हाला वाटलं आपल्यालाच, तर तो आपला भोळेपणा.

आम्ही पाच जण, सिव्हिल थर्ड इयर. बाकी चौघांची नावं नको, ठिकाणावरूनच ओळखा: हिंगणा, गोंदिया, काटोल, पारडी. मिनी प्रोजेक्टचा विषय: उन्हाळ्यात नागपुरातल्या घरी कूलरला रोज किती पाणी लागतं. विषय सोपा वाटतो ना? आम्हालाही वाटला. प्रत्येकानं बारा घरं विचारायची, साठ घरं झाली, टेबल, ग्राफ, रिपोर्ट, संपलं. एप्रिलमध्येच करावं लागणार होतं कारण जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर फक्त वारा मारतो, पाणी उडतच नाही, मग मोजणार काय.

रूम घ्यायच्या आधी तीन आठवडे सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ग्रुपचं नाव तीनदा बदललं, काम एकदाही पुढं गेलं नाही. मी लीडर होतो (म्हणजे सरांनी लिस्टमध्ये पहिलं नाव माझं वाचलं म्हणून), मी टाकायचो "इंट्रो कोण लिहितंय?" की चार अंगठे यायचे. आता अंगठ्याचा अर्थ काय? माझ्या हिशोबानं "मी लिहितो". हिंगण्यावाल्याच्या हिशोबानं "मेसेज वाचला". गोंदियावाल्याचा अर्थ होता "छान, कोणीतरी लिहा". आठ दिवसांनी कळलं की चार अंगठे मिळून इंट्रो शून्य ओळी. आणि वरून खासगी बोलणं वेगळंच. पाच जणांत दोघादोघांच्या दहा जोड्या होतात, सहावा आला असता तर पंधरा झाल्या असत्या, आणि आमच्या दहाही जोड्यांत प्रोजेक्टबद्दल काहीतरी वेगळं ठरत होतं. मला वगळून एक ग्रुप होता हे मला नंतर कळलं, त्याचं नाव इथं लिहीत नाही, काकू वाचतील.

मग काटोलची जी आमच्यात आहे, हॉस्टेलला राहते, ती म्हणाली की एकदा समोर बसू. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसून पाह्यलं, तिथं दर दोन मिनिटांनी कोणीतरी ओळखीचं येऊन "काय करून राह्यले बे" विचारतं. लायब्ररीत बोलता येत नाही. म्हणून ही रूम.

पहिल्या दिवशी दोन तास, २४० रुपये, म्हणजे डोक्यावर ४८. काकू रजिस्टरमध्ये टाइम लिहितात आणि दहा मिनिटं वर झाली की पुढच्या अर्ध्या तासाचे पैसे. आधी राग आला, मग पाह्यलं की याच कारणानं आमचे लोक गप्पा मारायला घाबरून राह्यले होते. कॅन्टीनमध्ये दोन तास फुकट गेले तर कोणाला काही वाटत नाही, इथं हिंगण्यावाला वीस मिनिटं लेट आला तर त्याला चौघांनी मिळून चाळीस रुपयांचा हिशोब ऐकवला. दुसऱ्या वेळी लोकमान्य नगरवरून आधीची मेट्रो पकडून आमच्याही आधी पोचला आणि खाली पोहे खाऊन बसला होता.

तर पहिल्या दिवशी सगळ्यांची टेबलं एकत्र टाकली. हिंगण्यावाल्याच्या घरांत रोजचं पाणी तीन, चार, अडीच. पारडीवालीच्या घरांत साठ, ऐंशी, पन्नास. गोंदियावाल्यानं लिहिलं होतं "अर्धी टाकी".

"तीन लिटर? कूलर आहे का चहाची किटली?"

"तीन बादल्या बे."

"मंग तसं लिव्हायचं ना."

"तुमी कुठं सांगतलं होतं?"

मी ग्रुपवर वर स्क्रोल करत गेलो, छाती ठोकून, की दाखवतोच माझा मेसेज. मेसेज होता: "सगळ्यांनी पाण्याचं प्रमाण लिहा." बस. लिटर नाही, बादली नाही, काही नाही. खोलीत फक्त कूलरचा आवाज येत होता. तीन आठवडे मी यांना कामचुकार समजत होतो आणि मुळात मीच धड सांगितलं नव्हतं.

आता खरी गोष्ट ऐका. काटोलवाली तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ती ग्रुपवरही बोलत नाही, कोणी विचारलं तर "हो" आणि "ठीक". बोर्डापाशी प्रत्येकानं दोन-दोन मिनिटं आपलं काम सांगायचं असं ठरवलं म्हणून तिचा नंबर आला, तेव्हा तिनं वहीचं मागचं पान उघडलं. तिनं प्रत्येक घरी जाऊन बादली मागून घेतली होती आणि एक लिटरच्या बाटलीनं भरून पाह्यली होती. कोणाची बादली १३ लिटर, कोणाची १६, एकीकडे जुनी लोखंडी होती ती १९. म्हणजे बादल्यांना सरसकट वीसनं गुणून चाललो असतो तरी आमचा आकडा चुकलाच असता. "आधी काऊन नाही सांगतलं?" तर म्हणे, कोणी विचारलं नाही. तेही खरंच.

मग चोवीस घरी परत फोन, बादली मोजा म्हणून. काहींनी हसून मोजली, एका आजोबांनी मला विचारलं की तू महानगरपालिकेचा आहे का, टॅक्स लावणार का, आणि सात घरांनी फोनच घेतला नाही. रिपोर्टमध्ये त्रेपन्न घरं लिहिली आणि सात का गळाली तेही लिहिलं.

बोर्डावर आम्ही तीनच रकाने पाडायचो. काम, कोण, कधीपर्यंत. "कोण"मध्ये एकच नाव. एकदाच ग्राफसाठी दोघांची नावं टाकली, पारडी आणि गोंदिया, आणि बरोब्बर तेवढंच काम पुढच्या मीटिंगला राह्यलेलं, दोघांनाही वाटलं समोरचा करून राह्यला. हा बोर्ड मात्र उठायच्या आधी फोटो काढून घ्या, कारण पुढची बॅच दारात उभीच असते आणि काका येऊन फडकं मारतात. आमची एक आख्खी टेबल रचना अशी गेली. काकांची चूक नाही, खोली त्यांची आहे.

बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात एका जुन्या एमबीएवाल्या बॅचनं परमनंट मार्करनं लिहून ठेवलं आहे: फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग. टकमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये छोट्या ग्रुपचे हे टप्पे सांगितले होते, आधी ओळख, मग भांडण, मग नियम बसतात, मग काम. १९७७ मध्ये त्यानं पाचवा टप्पा जोडला, अ‍ॅडजर्निंग, म्हणजे पांगापांग, तो इथं कोणीतरी बॉलपेननं बारीक लिहिला आहे. आम्ही आल्या आल्या विचारायचो, आज कोणतं स्टेशन? स्टॉर्मिंगवर गाडी फार वेळ थांबली. (परमनंटवर व्हाइटबोर्डचा मार्कर फिरवून लगेच पुसलं की ते निघतं, पण आम्ही काढलं नाही, बरं वाटत होतं ते.)

आता आवाजाची तक्रार. खालचा हॉल आणि वरची खोली यांच्यामधल्या जिन्याला नुसतं प्लाय आहे. दुसऱ्या दिवशी एमपीएससीचा एक दादा वर आला, हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमचा बादलीचा हिशोब आमाले पाठ झाला, आता राज्यघटना वाचू द्या." लाज वाटली. चर्चेसाठी पैसे घेता तर दाराला जाड फोम तरी लावा ना. एक स्टार इथं गेला. पण भांडायचं तर हळू आवाजात भांडावं लागलं, आणि हळू आवाजात गोंदियावाल्याचा विषय निघाला हे एक बरं झालं.

तो विषय असा. पहिल्या रिव्ह्यूला आमच्या सरांनी दोराची गोष्ट सांगितली होती. रिंगलमन नावाचा फ्रेंच शेतकी इंजिनिअर, त्यानं माणसांना दोर ओढायला लावला, १९१३ मध्ये छापलं, आणि आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाच्या एकट्याच्या ताकदीची जी बेरीज होते तिच्या जेमतेम अर्धाच जोर लागतो असं निघालं. सर म्हणाले, "तुमच्यात दोर नुसता धरून कोण उभं आहे?" आणि चौघांनी गोंदियावाल्याकडं पाह्यलं. त्यात गूगल डॉक्समध्ये व्हर्जन हिस्टरी असते, कोणी कधी काय टाइप केलं ते रंगानं दिसतं, तिथं त्याचा रंगच नाही. मी सरांना मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता, खोटं कशाला बोलू.

रूममध्ये समोरासमोर विचारलं. त्यानं बॅगेतून फुलस्केपचे नऊ कागद काढले. लॅपटॉप बिघडलेला, दुरुस्तीला पैसे नाहीत, मोबाईलवर टेबल जमत नव्हतं, म्हणून आख्खं अ‍ॅनालिसिस हातानं लिहून हिंगण्यावाल्याला देत होता आणि हिंगण्यावाला टाइप करत होता. हिस्टरीत सगळा रंग हिंगण्याचा. हिंगण्यावाल्याला वाटलं सगळ्यांना माहीत आहे. ते कागद पाहून मी तिथंच मोबाईल काढला आणि ड्राफ्ट डिलीट केला, कोणाला सांगितलं नाही, इथंच पहिल्यांदा लिहितोय.

नंतर दोराचं थोडं वाचलं. रिंगलमनला स्वतःला मोठं कारण हे वाटत होतं की सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, आळस नंतरचा. १९७९ मध्ये लाताने नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी पोरांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून दाखवलं की गर्दीत माणूस खरंच जोरही कमी लावतो. आमच्याकडं दोन्ही होतं. बादलीचा घोळ पहिल्यातला, चार अंगठे दुसऱ्यातले.

मार्करचं सांगतो. रूममध्ये ठेवलेला काळा मार्कर वाळलेला, काकूंना सांगितलं की त्या म्हणतात उलटा ठेवा, उलटा ठेवला तरी तो वाळलेलाच. तासाला १२० घेता, पंचवीस-तीस रुपयांचा मार्कर द्या ना बाप्पा. वायफाय ठीक. कूलरचं पाणी आपल्यालाच भरावं लागतं, गच्चीवरच्या नळावरून, चार बादल्या, प्रत्येकी १५ लिटर. हो, मोजली.

शेवटची मीटिंग नुसती प्रेझेंटेशनची. दहा मिनिटं मिळणार होती, पहिल्या रिहर्सलला एकोणीस लागली, त्यातली सहा माझी एकट्याची. मग काटोलवालीनं सुचवलं की प्रत्येकानं दुसऱ्याचा भाग बोलायचा, कारण एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, कोणालाही काहीही विचारतात. ते करताना कळलं की ग्राफ काय सांगतो हे ग्राफ काढणाऱ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. अर्धा तास जास्तीचा गेला, साठ रुपये, काकूंनी तीसच घेतले. व्हायवाला एक्स्टर्नलनी नेमकं गोंदियावाल्याला विचारलं की बादलीचं माप कसं काढलं, आणि त्यानं बाटलीपासून सगळं सांगितलं. काटोलवाली मागं उभी राहून स्वतःच्या चपला पाहत हसत होती.

रेट आणि टायमिंग: सोमवार ते शनिवार तासाला १२० रुपये, रविवारी १५०, कमीत कमी दोन तास. सकाळी सात ते रात्री दहा. दुपारी बारा ते चार जाऊ नका, छत तापतं, कूलरचंही काही चालत नाही. सकाळी आठची घ्या, खाली गाडीवर तर्री पोहे मिळतात, दहानंतर तर्री पातळ होते. एप्रिलच्या शेवटी सगळ्या कॉलेजांचं सबमिशन येतं तेव्हा आठ दिवस आधी सांगून ठेवा. टू-व्हीलर गेटच्या आत लावा, बाहेर लावली तर शेजारचे काका हवा सोडतात असं ऐकलं, आमची नाही सोडली. आणि निघताना आम्ही एक नवा निळा मार्कर काकूंच्या ड्रॉवरमध्ये ठेवून आलो आहे, रूममधला घेऊ नका, काकूंना मागा.