औरंगपुऱ्यातलं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान, जुन्या कागदांचे प्रिंट काढायचे तर इथंच

चार स्टार. एक कापला तो गर्दीचा, परीक्षेच्या टायमाला नोट्सवाल्या पोरांचा असा गराडा असतो की दादांची "पाच मिनिटं थांबा" काही संपत नाहीत.

पण काम बघा. माझा थिसिस अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीवर आहे, तिथं गुलामांवर फाशीच्या गुन्ह्याचे खटले चालायचे त्या कोर्टांवर. 1692 ला कायदाच केला, कशासाठी तर हे खटले लवकर उरकावेत म्हणून. ज्युरी वगैरे काही नाही, काउंटीतले, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातले, बडे जमीनदारच न्यायाधीश म्हणून बसणार, म्हणजे ज्यांच्या शेतात गुलाम राबतात तेच. त्या रजिस्टरांचे स्कॅन आहेत माझ्याकडं, पण शाई मागून पुढं फुटलेली, दुसरीकडं प्रिंट काढले तर नुसतं काळं आलं होतं. इथं दादांनी आधी एकच पान काढलं, कॉन्ट्रास्ट खालीवर करून बघितला अन् स्वतःहून म्हणले, "ताई, कडेचं बारीक कटायलंय, पान थोडं लहान करू का?" त्या कडेलाच तर कारकुनानं केस कुणाची ते लिहिलेलं असतं, ते गेलं की कोणता खटला कुठं सुरू झाला काय कळणार!

मग दादांनी एका पानावर बोट ठेवून विचारलं, हा पौंडाचा आकडा कशाचा. मी म्हणलं, फाशी दिलेल्या गुलामाची किंमत, कोर्टानं ठरवायची अन् सरकारी तिजोरीतून मालकाला भरपाई द्यायची, 1705 च्या कायद्यात तसं लिहूनच ठेवलंय. "म्हणजे जीव याचा गेला अन् पैसे त्याला?" मशीन थांबवून दादा परत पान बघत बसले, मागची पोरं ओरडायला लागली तरी. आरोपीचं म्हणणं कुठंय ते शोधत होते. बहुतेक पानांवर ते एका ओळीतच संपतं, गुन्हा कबूल नाही म्हणाला, बस. 1732 नंतर काही गुन्ह्यांत पहिल्या वेळी फाशीऐवजी हातावर डागणी द्यायचे, ते ऐकून तर शेजारचा पोरगाही गप्प झाला. तसं आपलं गाव, म्हणजे औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), 1610 ला वसवणारा मलिक अंबर स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, त्यामुळं इथं हा विषय काढला की कुणी वेड्यात काढत नाही.

रेट बाकीच्यांसारखेच. जाड गठ्ठा असेल तर स्पायरल नको, हार्ड बाइंडिंगच सांगा. फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, अक्षरं फुटतात, पेनड्राइव्हच न्या. दुपारी शटर अर्धं खाली असतं, आवाज द्या, उघडतात.