लोटलीतला केस इंटरव्ह्यूचा क्लास: पाच बैठका, साडेतीन तारे

आधीच सांगते, सरांचं नाव-पत्ता इथे मिळणार नाही. त्यांनीच बजावलंय, "बोर्ड लावायचा असता तर मुंबई सोडली नसती." मलाही एका मैत्रिणीच्या भावाकडूनच कळलं. गोव्यात कन्सल्टिंगची, म्हणजे कंपन्यांना धंद्याचा सल्ला देणाऱ्या फर्ममधल्या नोकरीची, तयारी करणारे तसेही मोजकेच. तुम्ही त्यातले असाल तर दोन माणसांना विचारलंत की घर सापडेल.

मी फोंड्याची. फर्मागुडीला इंजिनिअरिंग, नंतर एमबीए, आता वेर्ण्याला एका कारखान्यात प्लॅनिंगचं काम. गेल्या पावसाळ्यात एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीची पहिली फेरी दिली. व्हिडिओवर, लागोपाठ दोन मुलाखती. दुसरी बरी झाली. पहिलीबद्दल तीन दिवस आईशीसुद्धा धड बोलले नाही.

अशा मुलाखतीत धंद्यातला एक प्रश्न देतात, तो समोरच बोलत-बोलत सोडवायचा, तीच केस. माझी होती सिनेमागृहं चालवणाऱ्या कंपनीची: नवीन पडदे उभारावेत का? वर्षाला 24 लाख प्रेक्षक, माणशी 350 रुपये, तिकीट आणि खाणं धरून. गणित डोक्यात मिलियनमध्ये केलं, 840 आलं, आणि तोंडातून निघालं "840 कोटी". खरे 84 कोटी. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "हो." त्यानंतर 60 कोटींचा खर्च मला किरकोळ वाटायला लागला, आणि मी ठणकावून सांगितलं की पडदे उभारा. कॉल संपल्यावर वहीकडे बघितलं तेव्हा पोटात गोळा आला.

तरीही शेवटच्या फेरीचं बोलावणं आलं. हातात 19 दिवस होते. म्हणून हा क्लास. एका बैठकीचे 1,500, पाच एकदम घेतल्या तर 7,000.

फोंडा-मडगाव बस पकडायची, बोरीचा पूल ओलांडायचा, लोटलीला उतरून थोडं चालायचं. जुनं घर, समोर बाल्कांव म्हणजे दारापुढचा ओटा, समोरासमोर दोन सिमेंटचे बाक. क्लास तिथेच. फळा नाही, प्रोजेक्टर नाही. कागद आपला, पेन आपलं, डास मात्र सरांचे.

पहिल्या बैठकीत त्यांनी एकही केस दिली नाही. चुकलेली मुलाखत आठवून मिनिटा-मिनिटाने लिहायला लावली: कोण काय बोललं, मी कुठे थांबले, आवाज कुठे बदलला. मला वाटलं, झालं, पैसे पाण्यात. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "चूक कधी झाली?" मी म्हटलं, बाराव्या मिनिटाला. "आणि त्यानंतर तू त्यांना किती प्रश्न विचारलेस?" कागद बघितला. एकही नाही. अठ्ठाविसाव्या मिनिटाला केस संपली होती. सोळा मिनिटं मी एकटीच बडबडत होते. "शून्य चुकणं ही एक ओळ," ते म्हणाले, "ही सोळा मिनिटं म्हणजे तुझी खरी चूक."

हे एक वाक्य 1,500 रुपयांचं होतं असं मी आजही म्हणेन.

मी कंपनीला पाठवायला मेल लिहून ठेवली होती. लांबलचक, बरोबर आकड्यासकट, नेट अडखळत होतं वगैरे. (नेट उत्तम होतं.) सरांनी ती पुसायला लावली. आभाराच्या दोन ओळी, बस. त्यांचं म्हणणं, दोघा मुलाखतकारांच्या नोंदी शेजारी ठेवून निर्णय होतो. एकीकडे घसरलेली मुलगी दुसरीकडे नीट चालली हे त्यांना दिसलेलंच असतं, मग घसरल्याची जाहिरात आपण कशाला करायची?

दुसरी बैठक सगळ्यात भारी. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याचा, हॉर्न वाजला, सर उठून उंडे (गोल पाव) घेऊन आले, पिशवी बाकावर ठेवली आणि म्हणाले, "गोव्यात रोज घरोघरी किती पाव जातात? बोल." मी सुरू केलं. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 14.58 लाख, धरू 15 लाख. घरटी चार माणसं, म्हणजे सुमारे पावणेचार लाख घरं, सोयीसाठी चार. निम्मी घरं रोज पोदेराकडून घेतात, दोन लाख. घरटी पाच. उत्तर, एक कोटी.

सर काही बोलले नाहीत. पिशवीतून एक उंडो काढून खायला लागले. मग म्हणाले, "म्हणजे तान्हं पोरसुद्धा रोज सहा-सात खातं."

परत तेच शून्य! कानशिलं तापली, आणि मी आपली पुढे हॉटेलं नि पर्यटकांकडे पळायला लागले. "थांब गो. पळू नको. तुला चूक कळली हे मला कळू दे."

मग त्या एकाच जागेवर आम्ही पाऊण तास घासला. चूक दिसली की बोलणं थांबवायचं. मोठ्याने म्हणायचं, "हा आकडा दहापट जास्त वाटतोय, अर्धं मिनिट द्या." कागदावर नवीन जागी, नव्याने मांडायचं, जुन्यावर गिरवायचं नाही. दोन लाख गुणिले पाच, दहा लाख. मग दुसऱ्या बाजूने पडताळायचं: एक पोदेर सकाळ-संध्याकाळ मिळून पाचशे विकत असेल तर दोन हजार पोदेर लागतील, हे पटतं का? आणि शेवटी आकडा बदलल्यामुळे माझा सल्ला बदलतो की नाही, हे एका वाक्यात सांगायचं. माफी एकदाच, तीही छोटी. "सॉरी सॉरी करत बसलीस तर समोरच्याला तुझी समजूत काढावी लागते, ते त्याचं काम नाही."

लाख-कोटी की मिलियन, हे कागदाच्या डोक्यावर आधीच लिहायची सवयही तिथेच लागली. साधी गोष्ट, पण एमबीएच्या दोन वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

तिसरी बैठक ठीकठाक. मुलाखतकार प्रश्नामागून प्रश्न देत केस पुढे नेतो ती पद्धत, आणि आपणच केस ओढायची ती पद्धत, यांतला फरक. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांपैकी मॅकिन्सीत पहिली जास्त चालते, बीसीजी-बेनमध्ये दुसरी. पहिल्या पद्धतीत बिघडलेला प्रश्न मागे टाकून पुढचा स्वच्छ सुरू करता येतो. दुसरीत आपणच मागे वळून दुरुस्त करावं लागतं, कारण पुढचं सगळं त्याच आकड्यावर उभं असतं.

चौथी मात्र वाया. "स्वतःबद्दल सांग" हे चार वेळा म्हणवून घेतलं, मध्ये सरांना भाच्याचा फोन आला, नारळ पाडणाऱ्या पाडेल्यावरून वीस मिनिटं गेली. ती वेळ भरून दिली नाही.

बाकी तक्रारीही आहेत. लेखी फीडबॅक शून्य, सगळं तोंडी. कॅमेऱ्यासमोर सराव नाही, आणि हल्ली पहिली फेरी बहुतेकदा कॅमेऱ्यावरच होते. मॅकिन्सीचा सॉल्व्ह हा निवडीसाठीचा कॉम्प्युटरवरचा गेम किंवा बीसीजीची चॅटबॉटवरची केस यांचं नाव काढलं की सर हात झटकतात. त्याची तयारी तुम्हाला दुसरीकडेच करावी लागेल. मुळाक्षरांपासून शिकायचं असेल तरी इथे जाऊ नका. नफ्याची केस फोडायची कशी हे येतं असं ते गृहीतच धरतात.

शेवटच्या फेरीत काय झालं? बाटल्या भरणाऱ्या कारखान्याची केस आली, आणि मी महिन्याचा खर्च वर्षाचा समजून बसले. या वेळी तिसऱ्याच मिनिटाला थांबले, बोलून दाखवलं, नव्याने मांडलं. समोरचे गृहस्थ चक्क खुर्चीत पुढे सरकले. आठवड्याने नकाराचा फोन आला. कारण दुसऱ्या केसमधली मांडणी, ती विस्कळीत होती. आकड्यांबद्दल एक शब्द नाही.

साडेतीन तारे देतेय. चौथी बैठक नीट झाली असती तर चार दिले असते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीची पहिली फेरी आहे, त्यासाठी फक्त दोन बैठका घेणार, सुट्या.

जाणार असाल तर रोख घेऊन जा, यूपीआय चालत नाही, आणि सरांकडे सुटे कधीच नसतात. वेळ संध्याकाळचीच मागा, पोदेर यायच्या सुमाराची. ओडोमॉस विसरू नका.