अ‍ॅक्टुन तुनिचिल मुक्नाल, बेलीझ: माया गुहेच्या गाइडेड सहलीचं परीक्षण

मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाच्या कायो जिल्ह्यातल्या, प्राचीन माया लोकांच्या या गुहेत गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही. गाइडही साधा चालत नाही, या गुहेसाठीचा वेगळा परवाना लागतो आणि एका गाइडबरोबर जास्तीत जास्त 8 जण. गुहा सगळ्यांना तीच, वाट तीच, हेल्मेटही जवळपास सारखंच. म्हणून दोन कंपन्यांच्या सहलींत फरक पडतो तो फक्त गाइडमुळे. सहल पैसे वसूल आहे, यात शंका नाही. पण गाइड घाईचा किंवा बेफिकीर निघाला तर निम्मी गुहा हातची जाते, म्हणून बुकिंगच्या वेळी काय विचारायचं ते नीट ठरवून घ्या.

सहली सान इग्नासिओ गावातून सकाळी सात-आठच्या सुमारास निघतात. टीकेटल गावापाशी हमरस्ता सोडून गाडी शेतांमधल्या कच्च्या रस्त्याने जाते. तासाभरात पार्किंग येतं. फोन, घड्याळ, पाकीट सगळं गाडीतच ठेवायचं. एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा पडून एक प्राचीन कवटी फुटली, आणि 2012 पासून आत कुठलाही कॅमेरा नेता येत नाही, हेल्मेटवर लावायचा छोटासुद्धा नाही. बंदी योग्यच आहे. फोटोसाठी कुणी अडून बसत नाही, मागे सरकताना पाय कुठे पडतोय याकडे सगळ्यांचं लक्ष राहतं.

पार्किंगपासून पाऊण तास सपाट जंगलवाट. रोअरिंग क्रीक ही नदी तीन वेळा ओलांडावी लागते. पहिलं ओलांडणं सगळ्यात खोल, दोर धरून. म्हणजे गुहेपर्यंत पोचण्याआधीच बूट भिजतात, पुढे दिवसभर ओलेच. जीन्स घालून येणाऱ्यांचे हाल इथूनच सुरू होतात. भिजलेला जाड सुती कपडा गुडघ्याला चिकटतो, वजन वाढतं, आणि आत थांबावं लागलं की थंडी भरते. पटकन वाळणारी पँट आणि पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक टी-शर्ट उत्तम. सँडल चालत नाहीत, पुढून बंद असलेला, घट्ट लेस बांधलेला बूट हवा. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा. पाण्यात गेलेला चष्मा या नदीत परत मिळत नाही.

गुहेच्या तोंडाशी हिरवट-निळा डोह आहे, पाय टेकत नाहीत. पाच-सहा मीटर पोहून आत जायचं. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालून गाइड ओढून नेतो. मात्र पाण्याची भीतीच असेल तर जॅकेटने काम भागत नाही, कारण इथून पुढे सुमारे अर्धा किलोमीटर प्रवाहाच्या उलट दिशेने चालायचं आहे. पाणी कुठे घोट्याएवढं, कुठे छातीपर्यंत. एका जागी दोन खडकांच्या फटीतून फक्त मान पार होईल एवढी वाट आहे, खांदे पाण्याखाली ठेवूनच पुढे सरकायचं. बंद जागेचा त्रास असणाऱ्यांनी ही जागा बुकिंग करतानाच विचारून घ्यावी.

सह्याद्रीत पाय तयार झालेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला खडक बेसॉल्ट, पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे कोरलेली लेणी आहेत पण अशी नदीने पोखरलेली गुहा नाही. इथे चुनखडी आहे. पाण्याने ती विरघळते आणि मागे धारदार कडा राहतात. गढूळ पाण्याखाली त्या दिसत नाहीत, नडगी सोलवटते ती इथेच. छतातून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले लवणस्तंभ आधाराला हाताशी येतात, पण त्यांना हात लावायचा नाही. त्वचेचं तेल बसलं की त्या जागी कॅल्साइटचा, म्हणजे पाण्यातून साचणाऱ्या चुन्याच्या खनिजाचा, थर वाढणं थांबतं.

चांगला गाइड ओळखायची खरी जागा हीच. तो दिवा खाली धरून सांगतो, "डावा हात इथे, उजवा पाय त्या दगडावर," आणि पहिला माणूस तेच मागच्याला सांगतो. सूचना शेवटच्या माणसापर्यंत पोचल्याशिवाय गाइड पुढे सरकत नाही. काही गाइड नुसतेच पुढे निघून जातात. मग आठव्या माणसाला काहीच कळत नाही आणि घसरतो तोच. चार-पाच जणांच्या गटासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी द्या, फरक याच टप्प्यात कळतो.

नंतर एका मोठ्या दगडावरून चारेक मीटर वर चढायचं, आणि तिथे बूट काढायचे. कोरडी गुहा केवळ मोज्यांवर बघायची. मोजे विसरले तर वर जाता येत नाही, आणि हे दर खेपेला कुणाचं तरी होतं. उघड्या पायांचं तेल आणि घाम खालच्या कॅल्साइटला नको, शिवाय मोज्यातला पाय जपून पडतो. घोट्याखालचे आखूड मोजे चिखलात निघून येतात, पोटरीपर्यंतचे जाडसर घ्या.

वर जे आहे ते काचेच्या पेटीत नाही. मडकी, रांजण, खापरं मूळ जागीच आहेत, कॅल्साइटने जमिनीला चिकटलेली. मध्ये फक्त रंगीत फिती. बहुतेक वस्तू इसवीसनाच्या आठव्या-नवव्या शतकातल्या. कित्येक मडकी मुद्दाम फोडलेली किंवा भोक पाडलेली आहेत, काम झालेल्या भांड्यातला जीव मोकळा व्हावा म्हणून. एका भांड्याच्या काठाखाली छोटं माकड आहे, गाइडने दिवा नेमका धरला तरच दिसतं. तीन दगडांची चूलही मांडलेली आहे. माया लोकांच्या सृष्टिकथेत जगाची सुरुवात तीन दगडांच्या चुलीने होते, त्यामुळे ही रचना स्वयंपाकासाठी नव्हती हे उघड आहे. जिथे चूल बघायला थांबवत नाहीत, ती सहल कमअस्सल समजा.

गुहेत 14 माणसांचे अवशेष सापडले, त्यात तान्ही मुलंही आहेत. काही कवट्यांची कपाळं लहानपणी बांधून चपटी केलेली, दात कानशीने घासलेले. सर्वांत आत, अॅल्युमिनियमच्या शिडीने वर चढल्यावर, पूर्ण सांगाडा पसरलेला आहे. कॅल्साइटमुळे तो चमकतो. 'क्रिस्टल मेडन' (स्फटिकाची कुमारिका) हे नाव पडलं तेव्हा ती तरुणी मानली जायची. नंतरच्या अभ्यासात तो किशोरवयीन मुलगा असण्याची शक्यता जास्त ठरली. गाइड अजूनही 'कुमारिकेचा बळी' एवढीच गोष्ट रंगवत असेल तर त्याने जुनं पाठ केलंय. जाणता गाइड दुष्काळापासून सुरुवात करतो. त्या शतकांत पाऊस वारंवार दगा देत होता, लोक 'चाक' नावाच्या पर्जन्यदेवाला अर्पण द्यायला पाताळाच्या, म्हणजे शिबाल्बाच्या, अधिकाधिक आत जात होते. 1990च्या दशकात पुरातत्त्वज्ञ हाइमे आवे यांच्या चमूने केलेलं उत्खनन आणि हॉली मॉइझ यांनी इथल्या वस्तूंच्या मांडणीवर केलेला अभ्यास यातून हे चित्र उभं राहतं. हे ऐकून मग तो सांगाडा बघितला की भयकथा उरत नाही, पावसासाठी हवालदिल झालेली माणसं दिसतात.

सहलीची खरी अडचण गर्दी. शिडीवर एका वेळी एकच जण, वरची जागाही चिंचोळी. उशिरा पोचलेला गट ओल्या कपड्यांत खाली ताटकळतो आणि शेवटी गाइडला घाई करावी लागते. म्हणून सर्वांत लवकर निघणारी गाडी मागा. परतीचा रस्ता तोच, पण प्रवाहाबरोबर. दमलेले गुडघे आणि सैल पडलेलं लक्ष यामुळे घसरणं इथेच जास्त होतं.

जेवण परतल्यावर पार्किंगपाशी मिळतं. बहुधा चिकन आणि नारळाच्या दुधातला राजमा-भात. शाकाहारींनी आदल्या दिवशीच सांगावं आणि 'चिकन नको' एवढ्यावर थांबू नये. इथल्या रस्सेदार राजम्यात बऱ्याचदा खारवलेलं डुकराचं मांस असतं, टॉर्टियात चरबी. बेलीझची राजभाषा इंग्रजी असल्याने हे समजावणं सोपं जातं. कोरडे कपडे आणि टॉवेल गाडीत ठेवा.

भाव माणशी 100 ते 150 अमेरिकन डॉलरच्या आसपास. बेलीझचे 2 डॉलर म्हणजे अमेरिकेचा 1, त्यामुळे कोणता डॉलर ते आधी विचारा आणि प्रवेश फी, जेवण, हेल्मेट धरून आहे का तेही. नदी चढली की गुहा बंद करतात, आणि जून ते नोव्हेंबर हे कधीही होऊ शकतं. पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी घ्या. फेब्रुवारी ते मे सर्वांत खात्रीचे महिने.

त्याच दिवशी शुनानतुनिच जोडून देणारे पॅकेज घेऊ नका. मोपान नदीपलीकडचं ते माया नगर आदल्या दिवशी सकाळी करा. तिथला 40 मीटर उंच पिरॅमिड, एल कास्टियो, दुपारच्या उन्हात चढवत नाही. बाजूच्या नक्षीपट्टाचं जे दिसतं ती प्रतिकृती आहे, मूळ पट्ट तिच्याआड सुरक्षित ठेवला आहे. मुखवटे आणि आकाशाची चिन्हं आधी तिथे समजून घेतली की गुहेत गाइडला पायापासून सुरुवात करावी लागत नाही.