उंचावर यंत्र पाठवायचंय: स्टारफायटर की फुगा?

रत्नागिरीतल्या कॉलेजच्या पोरांनी केलेला सेन्सर वरच्या हवेत तपासायचा, तर एक मार्ग भलताच ऐटीचा आहे. फ्लोरिडाच्या केनेडी स्पेस सेंटरवरून ‘स्टारफायटर्स’ ही खासगी कंपनी निवृत्त एफ-१०४ लढाऊ विमानं उडवते. १९५४ साली पहिल्यांदा उडालेली ही जात. इटलीने ती २००४पर्यंत वापरली. वेग आवाजाच्या दुप्पट. पंखांची कड इतकी धारदार, की जमिनीवर मेकॅनिकला कापू नये म्हणून तिच्यावर आवरण चढवतात! वर झेपावून कमान काढली की थोडा वेळ वजनरहित अवस्था मिळते. पण इंधन आणि जुने सुटे भाग म्हणजे पैशांचा चुराडा.

दुसरा मार्ग, हैदराबादचं टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) बलून केंद्र. तिथला फुगा ३० किलोमीटरच्या वर जाऊन तासन् तास तरंगतो. वजनरहितपणा मात्र विसरा.

नुसती मोजमापं हवीत? मग फुगाच, डोळे झाकून. फक्त तो हर्णैहून सोडायचा हट्ट नको. पावसाळ्यात ढगांच्याही वर वारे पूर्वेकडून वाहतात, म्हणजे सेन्सर थेट अरबी समुद्रात, आणि तेव्हा होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या.