कर्मचाऱ्यांच्या एआय वापरावर देखरेख : काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिसात कोण कोणतं एआय वापरतं आणि त्यात काय टाकतं, यावर लक्ष ठेवणारं एक सॉफ्टवेअर आम्ही काही महिन्यांपासून वापरतोय. ते चालवायची जबाबदारी माझ्याकडे आहे. नाव देत नाही, कारण या प्रकारातली बरीचशी सॉफ्टवेअर्स सारखीच चालतात. खरा फरक पडतो तो सेटिंग्जमुळे.

प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, बसतं. चॅटमध्ये काय पेस्ट होतंय, कोणती फाइल अपलोड होतेय, लॉगिन कंपनीचं आहे की स्वतःचं, हे ते पाहतं. शेवटची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. अनेक एआय सेवांमध्ये वैयक्तिक खात्यावरचा मजकूर, आपण सेटिंग बंद केली नाही तर, मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. कंपन्यांसाठीच्या खात्यांत सहसा तसं होत नाही. आमच्या पहिल्याच रिपोर्टमध्ये दिसलं की सगळ्यात जास्त वापर अकाउंट्स आणि ग्राहकसेवेत होता, आणि तोही बहुतांश वैयक्तिक खात्यांवर. लोकांना काम उरकायचं होतं आणि कंपनीने त्यांना दुसरं काही दिलंच नव्हतं.

तेव्हा सरसकट बंदीची मागणी झाली. सॅमसंगने २०२३ च्या मे महिन्यात, कर्मचाऱ्यांकडून गोपनीय कोड चॅटजीपीटीत गेल्यावर, कंपनीच्या उपकरणांवर अशा साधनांना मनाई केली होती. तोच दाखला दिला गेला. आम्ही मात्र बंदी न घालता आधी कंपनीची खाती घेतली आणि मग इशारे सुरू केले. हा क्रम फार उपयोगी पडला.

इशारा कसा दिसतो ते सांगतो. ग्राहकांची यादी पेस्ट केली की मजकूर जाण्याआधी चौकट उघडते : 'यात फोन नंबर दिसत आहेत.' खाली तीन पर्याय : नंबर झाकून पाठवा, कंपनीच्या खात्यात उघडा, किंवा कारण लिहून तसंच पाठवा. बहुतेक जण पहिला पर्याय निवडतात आणि कामाला लागतात. नियमांचं लांबलचक पीडीएफ कुणी वाचत नाही, पण ही चौकट वाचतात, कारण ती नेमक्या वेळी समोर येते.

सुरुवातीला खोटे इशारे मात्र भरपूर आले. आमचे ऑर्डर नंबर सोळा अंकी, त्यामुळे प्रत्येक ऑर्डर त्याला क्रेडिट कार्ड वाटायची. कार्ड नंबरचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरतो. ती पडताळणी चालू केली की सरसकट सोळा अंकी नंबरांपैकी साधारण दहात एकच चुकून कार्ड म्हणून पकडला जातो. हे मूळ सेटिंगमध्ये बंद का ठेवतात, कळत नाही. विकत घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारावं.

आता माझी मोठी तक्रार. प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा, नावासकट साठवायची सोय आधीपासून चालू असते, आणि व्यवस्थापकांना ती आवडते. त्या नोंदींत मला पगारवाढ कशी मागावी हे विचारणारे प्रश्न दिसले. एकाने स्वतःच्या आजारपणाबद्दल विचारलं होतं. हे वाचायचा मला काहीही अधिकार नाही. लोकांनाही हे कळलं आणि डॅशबोर्डवरचा वापर झपाट्याने घसरला. वरच्यांना तो सुधार वाटला. प्रत्यक्षात लोक स्क्रीनचा फोटो काढून मोबाइलवर विचारत होते, म्हणजे जी माहिती आधी निदान दिसत होती ती आता पूर्ण नजरेआड गेली. मी हे पुराव्यासह मांडलं. त्यानंतर मजकूर साठवणं बंद झालं. आता फक्त साधन, वेळ आणि इशाऱ्याचा प्रकार नोंदला जातो, आणि लोक हळूहळू कंपनीच्या खात्याकडे परतले.

उणिवाही आहेत. स्क्रीनशॉटमधला मजकूर ते नीट ओळखत नाही. मीटिंगची टिपणं काढणारे बॉट आणि इतर सॉफ्टवेअरमध्ये गुपचूप शिरलेलं एआय त्याच्या नजरेतून सुटतं. त्यासाठी खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला विचारावं लागतं.

कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला पर्याय नाही. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून कर्मचाऱ्यांच्या एआय साक्षरतेची जबाबदारी संस्थांवर टाकली. ज्यांना तो लागू नाही त्यांनीही हे करावं. आम्ही आलेल्या इशाऱ्यांतलीच उदाहरणं, नावं काढून, सत्रात दाखवतो.

करार पुढे चालू ठेवतोय, दोन अटींवर. चौकशीसाठी कुणाच्या नोंदी उघडायची वेळ आलीच तर दोघांची मंजुरी लागावी, आणि कोणी काय उघडलं हे त्या कर्मचाऱ्यालाही दिसावं. पहिली सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुसरी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने कबूल केली आहे, पण अजून दिलेली नाही. तोवर कुणाच्या नोंदी उघडल्या गेल्या की त्या कर्मचाऱ्याला मी स्वतः मेल करतो.