चिपवरचं नाव पुसलं गेलं तेव्हा

घड्याळ करायचं होतं. वरच्या ओळीत वेळ, खालच्या ओळीत तारीख, सगळे लाल सेव्हन सेगमेंट अंक, म्हणजे सात उजळत्या रेघांनी बनणारे. असे अंक चालवणारी एक मॅक्स ७२१९ चिप आठ अंक सांभाळते, म्हणजे दोन चिप एकीमागे एक जोडल्या की आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या तीन पिनांवर काम भागतं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे 'ओरिजिनल' म्हणून दहाचा संच दिसला. भाव संशय यावा इतका कमी होता, आणि संशय आलाही होता. पण फोटोत कंपनीचं चिन्ह ठसठशीत होतं. मागवला.

पहिली चिप लावली, आठही अंक झकास उजळले. त्याच आनंदात विक्रेत्याला पाच चांदण्या देऊन मोकळा झालो. इथेच माती खाल्ली.

दुसरी चिप जोडली तेव्हा खालच्या ओळीत तारखेऐवजी भलतेच आकार नाचायला लागले. आपल्यासारख्या हौशी माणसाची खोड अशी की पहिला संशय स्वतःवर. जंपर वायरी बदलल्या. लायब्ररी, म्हणजे चिप चालवणारा तयार कोड, बदलली. चिप १० मेगाहर्ट्झपर्यंत चालते, तरी क्लॉक, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, पार रांगता केला. ४ आणि ९ हे दोन्ही ग्राउंड पिन जोडलेत ना ते तपासलं, चिपला खेटून १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, "सर, कोड चेक करा." मग तेही केलं. या खटाटोपात माल परत करायची मुदत कधी उलटली, कळलंही नाही. आता वाटतं, हा धंदा त्या मुदतीवरच चालतो.

उलगडा झाला तो एका जुन्या खात्रीच्या चिपमुळे. ती पुढे आणि नवी मागे ठेवली, दोन्ही ओळी बरोबर. नवी पुढे, जुनी मागे, की खालची ओळ बिघडलीच. म्हणजे नवी चिप स्वतःपुरती चालत होती, पण २४व्या पिनवरून मागच्या चिपला डेटा नीट देतच नव्हती. दहाही तशाच निघाल्या.

मग कापसावर ॲसिटोन घेऊन चिपची पाठ घासली. कापूस काळा झाला, नाव गेलं, खाली घासकागदाचे बारीक ओरखडे. पहिल्या पिनजवळचा खळगाही त्या काळ्या लेपाने अर्धा बुजलेला होता. जुन्या चिपवर हाच प्रयोग केला तर अक्षर हललं नाही. शेवटी मल्टिमीटर लावला. चिपला झोपवणाऱ्या शटडाउन रजिस्टरला शून्य पाठवल्यावर या चिपने जास्तीत जास्त १५० मायक्रोॲम्पिअर घ्यावेत असं डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, सांगते. जुनी त्या मर्यादेत राहिली. नवी झोपेतही मिलिॲम्पिअरमध्ये पीत होती.

नक्कल चिपशी माझं भांडण नाही. नक्कल म्हणून, तिच्या खऱ्या नावाने विकली असती तर एका ओळीच्या घड्याळाला मीच आनंदाने वापरली असती.

घासलेल्या चिपचे फोटो दाखवल्यावर विक्रेता म्हणाला, तुमचा बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल, चिपला सिग्नल किमान ३.५ लागतो. माहिती खरी, पण उनो ५ व्होल्टचा! त्याच खोक्यात 'कॉमन कॅथोड' (सगळ्या सेगमेंटची ऋण बाजू एकत्र) म्हणून आलेले चार डिस्प्लेही कॉमन ॲनोड (धन बाजू एकत्र) निघाले, आणि मॅक्स ७२१९ला कॅथोडवालेच लागतात. मल्टिमीटर डायोड तपासायच्या खुणेवर ठेवून काळी सुई सामायिक पिनला आणि लाल एखाद्या सेगमेंटला लावली असती तर मिनिटात कळलं असतं. अंधूक का होईना, उजेड पडतो. यांचा पडला तो सुया उलट्या लावल्यावर.

आता पार्सल आलं की त्याच दिवशी दोन चिप एकमेकींना जोडून दोन्हींवर अंक मोजत सोडतो, आणि एकीची पाठ घासतो. त्या विक्रेत्याच्या पानावर संच अजून विकायला आहे. खाली माझ्या पाच चांदण्याही आहेत, कारण ते मत बदलायचीही मुदत होती आणि तीही गेली.