ट्रम्पेट कॉल: लाकडावर पैसे घालू नका, लिप स्टॉप बघा

ट्रम्पेट कॉल म्हणजे रानटी टर्कीला तिच्याच आवाजात बोलावण्यासाठी शिकारी तोंडाने वाजवतात ती नळी. शिकारीचा वसंतातला सीझन, उन्हाळाभर घरी सराव आणि मग शरदातला सीझन, एवढ्या वापरानंतर हे लिहितोय. लिहायला भाग पाडलं ते एका रबरी चकतीने.

मे महिना, पेनसिल्व्हेनियातलं सार्वजनिक जंगल. उजाडायच्या सुमाराला पलीकडच्या उतारावरून गॉबलर, म्हणजे नर टर्की, माझ्या प्रत्येक येल्पला, म्हणजे मादीच्या हाकेला, उत्तर देत होता. तेवढ्यात दोनशे डॉलरच्या वर किंमत मोजून घेतलेल्या, हाताने घडवलेल्या ट्रम्पेटचा लिप स्टॉप, म्हणजे ओठ टेकवायची चकती, माउथपीसवरून मागे सरकला. पुढच्या येल्पला नुसती फुसफूस निघाली. अंधुक उजेडात चकती बोटांनी चाचपत जागेवर आणली, तर दोन येल्पनंतर पुन्हा तेच. पक्षी गप्प झाला तो झालाच.

विक्रेत्याला ईमेल केला. उत्तर आलं, की हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही, पाठवून द्या, दुरुस्तीचे 45 डॉलर आणि दोन्हीकडचं टपाल तुमचं. काही आठवडे वापरलेला भाग झिजला कसा, असं विचारलं, त्याला उत्तर नाही. तीनदा लिहिलं. शेवटच्या ईमेलला त्यांनी नव्या मॉडेलची जाहिरात पाठवली. माझा राग पैशांचाही आहे आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

ट्रम्पेटमध्ये हवा फुंकायची नसून ओढायची असते. मटणाच्या नळीतला मगज ओढताना ओठ जसे आवळतो तसेच इथे आवळायचे, आणि जबडा किंचित खाली सोडला की वरचा बारीक स्वर तुटून खालच्या खरबरीत स्वरात उतरतो. येल्पचा सगळा जीव त्या तुटण्यात आहे. आणि ते तुटणं माउथपीस ओठांत किती आत आहे यावर ठरतं. माझ्या ओठांना साधारण पाव इंच लागतं. थोडं जास्त आत गेलं की वरचा स्वर फुटत नाही, थोडं बाहेर आलं की खालचा स्वर येत नाही. लिप स्टॉपचं काम एवढंच, की दर वेळी ओठ त्याच जागी टेकावेत. तो हलला तर तुमचा महिन्याभराचा सराव त्या दिवसापुरता फुकट.

माझ्या ट्रम्पेटवर हा स्टॉप म्हणजे नुसता दाबून बसवलेला रबरी वॉशर होता. कोरडा असेपर्यंत बरा. लाळेने ओला झाला आणि पहाटेच्या थंडीत रबर कडक झालं, की ओठांच्या दाबाने मागे सरकणारच. लाकूड मात्र काय सुंदर! कोकोबोलो, पितळी फेरूल (जोडावरचं कडं), आरशासारखं पॉलिश. पैसे सगळे तिकडे गेलेत.

दुरुस्ती शेवटी घरीच केली. हार्डवेअरच्या दुकानातून माउथपीसच्या जाडीपेक्षा जरा लहान ओ-रिंगांचं, म्हणजे गोल रबरी कड्यांचं, पाकीट आणलं, तीन डॉलरच्या आत. दुकानात लाल सिलिकॉनच्याही होत्या आणि त्या जास्त घट्ट बसत होत्या, पण काळ्याच घेतल्या. गॉबलरच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा हेच रंग असतात. जंगलात दुसऱ्या शिकाऱ्याला तोंडाजवळ तो रंग हलताना दिसू नये, हे हंटर सेफ्टीच्या वर्गात शिकवतात आणि ते तंतोतंत पाळावं. दोन ओ-रिंगा शेजारी शेजारी चढवल्या. त्यांच्या मागे, म्हणजे बॅरलच्या (मुख्य नळीच्या) बाजूला, मेण लावलेला दोरा सात-आठ वेढे घट्ट गुंडाळला आणि टोक वेढ्यांखालून ओढून घेतलं. आता ओ-रिंगेला मागे जायला जागाच नाही. शरदातला पूर्ण सीझन झाला, केसभर हललेली नाही.

त्या दुरुस्तीनंतर माझं मत बदलायला लागलं. जूनमध्ये कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, की हे प्रकरण घेऊच नका, बॉक्स कॉल घ्या. हेन्री गिब्सनने 1897 मध्ये पेटंट घेतलेली ती पेटी कोणीही पहिल्याच दिवशी वाजवू शकतो. ट्रम्पेटला तसं नाही. पहिले काही आठवडे घरात नुसते चिरकणारे आवाज निघतात आणि घरचे दार लावून घेतात. पण स्टॉप पक्का झाल्यावर ओठांना जागा सापडली आणि येल्प रोज तसाच यायला लागला. बॅरलच्या तोंडावर तळहाताची ओंजळ उघडझाप केली, की जवळची मादी आणि लांबची मादी असे दोन्ही आवाज एकाच कॉलमधून काढता येतात. डायफ्राम, म्हणजे तोंडात टाळूला लावायचा कॉल, मला कधी सोसला नाही, ठसका लागतो, त्यामुळे तोंडाने वाजवायचा कॉल म्हणून मला हाच उरतो. क्लक, म्हणजे टर्कीचा एकच तुटक आवाज, तर इतका स्वच्छ येतो की बाकी कुठल्याच कॉलवर मला तो तसा जमलेला नाही.

‘पर’, म्हणजे टर्कीची हळू घुरघुर, मात्र काढू नका. जीभ फिरवून काढतात म्हणे, माझ्या कानाला ती पटत नाही. त्यासाठी खिशात स्लेट, म्हणजे घासून वाजवायचा पाटीचा कॉल, असू द्या.

खरा फरक ऑक्टोबर-नोव्हेंबरात कळला. वसंतात आपण मादी होऊन नराला बोलावतो, पेनसिल्व्हेनियात तेव्हा फक्त दाढीवाला (छातीवर केसांसारखा झुपका असलेला) पक्षी मारता येतो. शरदात थवे असतात. थवा उधळला की त्या वर्षीची पिल्लं एकमेकांना शोधत शिट्टीसारखी की-की करतात, आणि शिकारी तिथेच झाडाला पाठ लावून बसून तीच हाक देतो. या की-कीला ट्रम्पेटसारखा कॉल नाही. ओठ आवळलेले ठेवायचे, जबडा सोडायचाच नाही, तीन उंच शिट्ट्या, आणि हवं तर शेवटी येल्प जोडायचा. ओकच्या पानगळीत एक पिल्लू समोरच्या ओढ्याकडून शिट्टी देत देत, मान ताणून, दर दहा पावलांवर थांबून माझ्याकडे चालत आलं, तेव्हा दोनशे डॉलरबद्दलचा माझा राग पुष्कळ कमी झाला. विक्रेत्याबद्दलचा नाही.

हा कॉल मुळात हाडाचा. टर्कीच्या मादीच्या पंखातली तीन हाडं एकात एक बसवून विंगबोन कॉल होतो, आणि मूळ अमेरिकन लोक तो फार जुन्या काळापासून वापरत आले आहेत. मेम्फिसच्या टॉम टर्पिनसारख्या कारागिरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोच नाद लाकूड आणि धातूत आणला. माझे शेजारी, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, अजून स्वतः केलेला विंगबोन वाजवतात. त्यावर स्टॉप नाही. त्यांचे ओठ इतक्या वर्षांनी आपोआप त्याच जागी जातात. आपल्याकडे फासेपारधी तित्तराला नुसत्या तोंडाने हाक घालून बोलावत, त्याची आठवण त्यांना ऐकताना येते. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आज भारतात शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. पण हाक ओळखणारा कान किती मोठी गोष्ट आहे, हे या शेजाऱ्यांजवळ बसून समजतं.

लाकडाबद्दल दोन शब्द, कारण दुकानदार त्यावरच किंमत चढवतात. कोकोबोलो आणि आफ्रिकन ब्लॅकवुड ही आपल्या शिसवीच्याच वंशातली झाडं. 2017 पासून हा सगळा वंश साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, म्हणजे अशा लाकडाची वस्तू सीमेपार नेता-आणताना कागदपत्रांचा प्रश्न येऊ शकतो. शेजाऱ्यांकडे चेरीच्या लाकडाचा एक जुना ट्रम्पेटही आहे. दोन्ही आलटून पालटून वाजवले. माझ्या कानाला लाकडाचा फरक कळला नाही, माउथपीसच्या भोकाचा फरक लगेच कळला. ॲक्रिलिकचा चाळीसेक डॉलरचा एक कॉलही मागवून पाहिला. नाद थोडा टोकदार, पण त्याचा लिप स्टॉप स्क्रूने पुढेमागे होतो आणि पक्का बसतो. नवशिक्याला मी आज तोच देईन.

निगा फार नाही. वापरल्यावर पाइप क्लीनर आरपार फिरवा, भोकात लाळ साचली की स्वर बसतो. ओला कॉल बंद डबीत ठेवू नका. थंडीत ओठ कोरडे पडले तर आवाज फुटत नाही, पाण्याचा घोट घेत राहा.

घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: स्टॉप हलवता येतो का, हलवल्यावर कशाने पक्का होतो, आणि तो सुटला तर नवा किती रुपयांना, म्हणजे डॉलरना, मिळेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. ‘असं कधी होत नाही’ असं म्हणाला तर तिथून घेऊ नका. माझा कोकोबोलो मी विकणार नाही, दोरा आणि ओ-रिंगेसकट तो आता उत्तम वाजतो. पण पुढचा घेईन तो चेरी किंवा मेपलचा, साध्या पॉलिशचा, आणि वाचलेल्या पैशांतून शरदाचं लायसन्स निघेल.